आधी मांडणी, मग निकाल

2020 साली महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरत होता. 'तातडीने प्लाझ्मा हवा आहे, बी पॉझिटिव्ह, पेशंट आयसीयूत आहे.' खाली रुग्णालयाचे नाव, नातेवाइकाचा मोबाइल नंबर आणि 'कृपया पुढे पाठवा'. कोविडमधून बरी झालेली माणसे रजा काढून, गाडीत पेट्रोल टाकून, दुसऱ्या शहरात जाऊन प्लाझ्मा देऊन येत होती. राज्य सरकारने त्या जूनमध्ये 'प्लॅटिना' प्रकल्प सुरू केला आणि प्लाझ्माची ही जगातली सर्वांत मोठी चाचणी असल्याचे जाहीर केले. यामागचा विचार कुणालाही पटावा असाच होता. जो बरा झाला त्याच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे तयार झालेली असणार; ती आजारी माणसाला दिली की त्यालाही बळ मिळणार.

नेमक्या त्याच दिवसांत, 22 एप्रिल ते 14 जुलै या काळात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) देशातल्या 39 सरकारी आणि खासगी रुग्णालयांत 'प्लॅसिड' नावाच्या ट्रायलसाठी रुग्ण नोंदवत होती. मध्यम तीव्रतेचा कोविड झालेले 464 रुग्ण त्यात आले. कोणाला प्लाझ्मा द्यायचा हे ना डॉक्टरांनी ठरवले, ना नातेवाइकांनी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते ठरले. 235 जणांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीने प्लाझ्मा मिळाला, 229 जणांना फक्त नेहमीचे उपचार. 28 दिवसांनी हिशेब केला तेव्हा पहिल्या गटातले 44 जण गंभीर झाले होते किंवा दगावले होते. दुसऱ्या गटात हाच आकडा 41 होता. नुसते मृत्यू मोजले तर 34 आणि 31. प्लाझ्माने काही फरक पडला नव्हता.

आता या आकड्यांकडे उलट्या बाजूने पाहा. प्लाझ्मा मिळालेल्या गटातले 201 जण महिन्याभराने हयात होते. त्यांच्या घरी जाऊन विचारले असते तर बहुतेकांनी एकच सांगितले असते, प्लाझ्मा मिळाला म्हणून आमचा माणूस वाचला. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायचे काही कारण नाही. त्यांनी जे पाहिले तेच ते सांगत होते: सलाइनच्या स्टँडला लटकलेली पिवळट पिशवी आणि काही दिवसांनी चालत घरी आलेला माणूस. पण प्लाझ्मा न मिळालेल्या 229 पैकी 198 जणही हयातच होते. त्यांच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून त्यांचा निरोप कुठल्या ग्रुपवर फिरला नाही. हे पुस्तक त्या 198 जणांविषयी आहे.

प्लॅसिडचा अहवाल ऑक्टोबर 2020 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' ट्रायलने नंतर 11,558 रुग्णांवर तोच प्रश्न तपासला. प्लाझ्मा दिलेल्यांत 24 टक्के मृत्यू, न दिलेल्यांत 24 टक्के. भारताच्या राष्ट्रीय उपचारसूचनांतून प्लाझ्मा वगळला जायला मात्र मे 2021 उजाडावा लागला. तोवर दुसरी लाट ऐन भरात येऊन गेली होती आणि प्लाझ्मासाठी धावणाऱ्या नातेवाइकांची पुन्हा तीच फरपट झाली होती. संशोधन कसे वाचायचे हा प्रश्न फक्त ग्रंथालयात बसणाऱ्यांचा असता तर मी या पुस्तकाच्या फंदात पडलो नसतो.

हे लिहिताना डोळ्यांपुढे आहेत ते मुख्यतः डॉक्टर नसलेले लोक: आरोग्याची पुरवणी वाचणारे, ती लिहिणारे पत्रकार, आशाताईंना प्रशिक्षण देणारे कार्यकर्ते, घरात आजारपण आले की ज्यांच्याकडे सगळे 'आता काय करायचे' म्हणून बघतात ते. डॉक्टरांनी वाचले तर आनंदच आहे. एमबीबीएसला हा विषय पीएसएमच्या (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) पोटात येतो आणि बहुतेकांनी तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेला असतो.

माझे सांगणे थोडक्यात असे, की आरोग्यविषयक अभ्यासाची विश्वासार्हता बहुतांशी पहिला निकाल हाती येण्याआधीच ठरलेली असते. तुलना कोणाशी केली, गट कसे पाडले, काय मोजायचे हे कधी ठरवले आणि अभ्यासात आलेली माणसे शेवटपर्यंत मोजली का, यावर सगळे अवलंबून असते. आपण मात्र निकालापासून सुरुवात करतो. बातमी निकालाची असते, शोधनिबंधाच्या सारांशातही तोच डोळ्यांत भरतो, आणि 'पद्धती' नावाचा मधला कोरडा भाग ओलांडून आपण थेट शेवटाला पोचतो. या पुस्तकात मी वाचकाला तो कोरडा भागच आधी वाचायला लावणार आहे.

तो वाचला नाही तर काय होते, याचे उदाहरण कोविडनेच दिले. मार्च 2020 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरातून एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्या कोविड रुग्णांच्या नाकातला विषाणू सहा दिवसांत झपाट्याने नाहीसा होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यावर ट्वीट केले. आपल्याकडे आयसीएमआरने त्याच महिन्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी हे औषध सुचवले आणि औषध दुकानांतून गोळ्या गायब झाल्या. संधिवात आणि ल्युपसचे जुने रुग्ण, ज्यांना ही गोळी खरोखर रोज लागते, ते दुकानोदुकानी हिंडू लागले.

मूळ निबंध उघडून पाहिला तर त्यातली गोम शोधायला संख्याशास्त्राची पदवी लागत नव्हती. औषध 26 जणांना सुरू केले होते. निकाल 20 जणांचा दिला होता. उरलेल्या सहांचे काय झाले, हे निबंधातच लिहिले होते. तिघांना आयसीयूत हलवले. एकाचा मृत्यू झाला. एक रुग्णालय सोडून गेला. एकाने मळमळीमुळे औषध बंद केले. ज्यांची प्रकृती बिघडली त्यांना हिशेबातूनच वगळले, आणि राहिलेल्यांचा विषाणू गेला म्हणून औषध गुणकारी ठरले! तुलनेसाठी घेतलेले 16 जण तरी कोण होते? त्यांतले काही दुसऱ्या रुग्णालयांतले, काही औषधाला नकार दिलेले. म्हणजे दोन गटांत फरक औषधाचा होता, रुग्णालयाचा होता की रुग्णांच्या स्वभावाचा, हे सांगायला मार्गच नव्हता. पुढे 'रिकव्हरी' ट्रायलमध्ये हे औषध 1,561 जणांना चिठ्ठीने दिले गेले, 3,155 जणांना नाही. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे 27 आणि 25 टक्के निघाले. मार्सेयचा निबंध डिसेंबर 2024 मध्ये मागे घेण्यात आला. पावणेपाच वर्षांनी.

मध्येच गळालेल्या माणसांची चौकशी करणे ही संशोधन वाचण्यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त फळ देणारी सवय आहे. किती जण आले, किती जणांवर निकाल काढला, मधले कुठे गेले, एवढे तीनच आकडे हुडकायचे. बहुतेक चांगल्या नियतकालिकांत हा प्रवास दाखवणारी आकृती पहिल्या दोन-तीन पानांतच असते.

पुन्हा प्लॅसिडकडे वळतो, कारण त्यात अजून एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. ही ट्रायल उघड होती. कोणाला प्लाझ्मा मिळतो आहे हे रुग्णालाही माहीत होते आणि डॉक्टरांनाही. सातव्या दिवशी प्लाझ्मा गटातल्या जास्त लोकांनी दम लागणे आणि थकवा कमी झाल्याचे सांगितले. विषाणूची चाचणीही त्यांच्यात जास्त प्रमाणात निगेटिव्ह आली. एखाद्या उत्साही वार्ताहराला एवढ्यावर 'प्लाझ्माने आराम' असा मथळा सहज देता आला असता. पण थकवा कमी झाला हे रुग्ण स्वतः सांगतो, आणि आपल्याला खास काही मिळाले आहे हे माहीत असलेल्या माणसाला थोडे बरे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून तर अशा ठिकाणी दुसऱ्या गटाला दिसायला तसेच पण निष्क्रिय औषध देतात आणि कोणाला काय दिले हे दोघांपासूनही लपवतात. मृत्यूच्या मोजणीत असा घोळ होत नाही; माणूस आहे किंवा नाही. विषाणूच्या चाचणीचे दुखणे वेगळे. ती निगेटिव्ह येणे चांगलेच, पण रुग्णाला ते हवे असते का? त्याला जगायचे असते, घरी जायचे असते.

तपासणीतला आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे यांतले अंतर किती महाग पडू शकते, हे हृदयरोगतज्ज्ञांनी 1989 ते 1991 मध्ये पाहिले. हार्ट ॲटॅकनंतर हृदयाचे ठोके अनियमित पडतात आणि असे रुग्ण अचानक दगावण्याची शक्यता जास्त असते. मग ठोके नियमित करणारी औषधे दिली की मृत्यू कमी होणारच, असे गृहीत धरून ती सर्रास दिली जात होती. 'कास्ट' या अमेरिकी ट्रायलमध्ये आधी ज्यांचे ठोके या औषधांनी खरोखर सुधारतात असेच रुग्ण निवडले आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांना औषध, निम्म्यांना निष्क्रिय गोळी दिली. साधारण दहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांत 63 मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत 26. इसीजीचा कागद सुधारत होता आणि माणसे मरत होती. त्या औषधांचा तर्क प्लाझ्माच्या तर्काइतकाच सुबक होता.

दरवेळी चिठ्ठ्या टाकून अभ्यास करता येतो असे नाही. तंबाखूचे दुष्परिणाम शोधायला कोणाला चिठ्ठीने तंबाखू खायला लावता येणार नाही. त्यामुळे लोक जे करतात ते करू द्यायचे आणि नोंद ठेवायची, अशा निरीक्षणात्मक अभ्यासांवर आरोग्यशास्त्राचा फार मोठा भाग उभा आहे. पण शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत त्याच भांड्यातले हवे. रोज पहाटे टेकडी चढणाऱ्या पुणेकरांचे हृदय चांगले असते, यात टेकडीचा वाटा किती आणि आधीपासून धडधाकट असलेलेच टेकडीवर जातात याचा किती, हे नुसत्या निरीक्षणातून सांगणे अवघड असते. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन्सच्या गोळ्या घेणाऱ्या अमेरिकी स्त्रियांचे असेच झाले. गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असे मोठमोठे निरीक्षणात्मक अभ्यास सांगत होते. मग 16,608 स्त्रियांवर रीतसर ट्रायल झाली आणि 2002 मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. गोळ्या घेणाऱ्या दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या 7, पक्षाघाताच्या 8 आणि स्तनाच्या कर्करोगाच्या 8 घटना जास्त होत होत्या. खुब्याचे हाड मोडण्याच्या 5 कमी. आधी या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या होत्या. मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ट्रायलमधल्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, आणि तिचा निकाल पन्नाशीच्या स्त्रियांना जसाच्या तसा लावून अनेकींच्या उपयुक्त गोळ्याही बंद केल्या गेल्या. अभ्यास बरोबर असूनही तो चुकीच्या माणसाला लावता येतो.

तुलना न्याय्य हवी ही जाणीव आपल्याकडे बरीच जुनी आहे. 1897 च्या जानेवारीत मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. सगळ्यांचे अन्न एक, कोठड्या एक, म्हणून तुरुंग ही तुलनेची चांगली जागा. पण स्वेच्छेने पुढे येणारा कैदी आणि न येणारा कैदी सारखेच असतात का? पुढच्याच वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात ही त्रुटी बरीचशी भरून काढली गेली. घराघरातली माणसे बाहेर बोलावून प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्यांना लस टोचली, वय आणि प्रकृती पाहून दोन्ही वाटे शक्यतो सारखे राहतील असे. परळच्या हाफकिन संस्थेवरून जाताना हे आठवावे. पूर्णपणे नशिबावर सोडलेली वाटणी यानंतर अर्ध्या शतकाने आली. 1948 मध्ये ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा अहवाल आला. 107 क्षयरोगी, बंद पाकिटांतून निघणारी नेमणूक. औषध इतके दुर्मीळ होते की सगळ्यांना पुरणारच नव्हते, तेव्हा निदान वाटणी तरी काहीतरी शिकवून जावी, हा त्यामागचा विचार. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4 दगावले, न मिळालेल्या 52 पैकी 14.

चिठ्ठ्या टाकल्या नाहीत म्हणून अभ्यास टाकाऊ ठरत नाही, हे सांगायला मला गडचिरोलीत जावे लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची योजना राबवली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. गावांची निवड चिठ्ठीने झालेली नव्हती, आणि हा आक्षेप कोणीही घेऊ शकतो. मग या अभ्यासाला जगाने एवढे महत्त्व का दिले? एक तर काम सुरू करण्याआधी दोन वर्षे, 1993 ते 1995, दोन्हीकडचे नवजात मृत्यू मोजले होते: हजार जन्मांमागे 62 आणि 58. म्हणजे निघतानाच दोन्ही बाजू जवळपास सारख्या, किंबहुना योजनेची गावे किंचित वाईट. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. जन्मानंतर घरभेटी, बाळाला ऊब, स्तनपान, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनसुद्धा त्याच देत. तिसऱ्या वर्षी योजनेच्या गावांत मृत्यूचे प्रमाण 25.5 वर आले, तर दुसऱ्या गावांत ते 59.6 होते. तुलनेची गावे जागची हलली नव्हती, त्यामुळे 'सगळीकडेच सुधारणा होत होती' ही पळवाट बंद झाली. 1999 मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले.

तरीही काटेकोर वाचक म्हणेल, की योजना राबवणारेच मोजणारे होते, आणि एका संस्थेची धडपड दुसरीकडे जमेल का? त्याचे उत्तर त्या निबंधात शोधू नये. ते इतरांच्या अभ्यासांत असते. 2008 मध्ये बांगलादेशातल्या सिल्हेटमधून आणि उत्तर प्रदेशातल्या शिवगडमधून चिठ्ठीने गावांचे समूह वाटून केलेले अभ्यास आले. योजना हुबेहूब तीच नव्हती, पण घरभेटींचा गाभा तोच होता. सिल्हेटमध्ये मृत्यू 34 टक्क्यांनी घटले, शिवगडमध्ये 54 टक्क्यांनी. गडचिरोलीत घट 62 टक्के होती. पहिल्या अभ्यासातला मोठा आकडा पुढच्या अभ्यासांत थोडा उतरतो, हा नेहमीचा अनुभव आहे आणि त्यात कोणाची लबाडी नसते. दिशा तीच राहिली, हे महत्त्वाचे. 2011 पासून केंद्र सरकारने आशांमार्फत ही पद्धत देशभर नेली.

आता मुंबईतल्या एका अभ्यासापाशी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण प्रामाणिक संशोधन कसे दिसते ते त्यात दिसते. टाटा मेमोरियलने 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांचे 20 समूह केले आणि 35 ते 64 वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यात घेतल्या. दहा समूहांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत होत्या, अशा चार फेऱ्या झाल्या. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2021 मध्ये निकाल आला. तपासणी झालेल्या भागात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वर्षाला लाखामागे 20.82, न झालेल्या भागात 24.62. घट 15 टक्के. पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता, असे गणित सांगत होते. संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीला तो थोडक्यात उतरला नाही. मग वयानुसार गट पाडून पाहिले. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत 24.62 विरुद्ध 34.68, म्हणजे जवळपास 30 टक्के घट, आणि ती कसोटीला उतरणारी. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत नगण्य फरक.

बातम्यांनी 30 टक्के उचलले. लेखकांनी मात्र निबंधात स्वच्छ लिहिले आहे, की वयाची ही फोड अभ्यास झाल्यानंतर केलेली आहे. या एका कबुलीने वाचकाच्या हातात मोजपट्टी येते. आकडे हाती आल्यावर ते वेगवेगळ्या प्रकारे कापत गेले, तर कुठल्या ना कुठल्या तुकड्यात काहीतरी चमकणारच. 1988 च्या 'आयसिस-2' ट्रायलमध्ये 17,187 हृदयविकार रुग्णांत ॲस्पिरिनने मृत्यू साधारण पंचमांशाने घटवले होते. तुकडे पाडण्याचा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम जन्मतारखेवरून पाश्चात्त्य राशींप्रमाणेही फोड छापली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा उपयोग दिसला नाही! पत्रिका पाहून गोळी लिहिणारा डॉक्टर अजून तरी मला भेटलेला नाही. मुंबईच्या अभ्यासातली वयाची फोड राशींइतकी निरर्थक नक्कीच नाही, स्तनाच्या कर्करोगाचे वागणे वयाप्रमाणे बदलते. माझ्या मते तो एक ठळक इशारा आहे, पुरावा म्हणायला तो कमी पडतो. तपासणीचा खर्च आणि धोका पाहता सरकारने त्या इशाऱ्यावर चालावे, असेही मला वाटते. पण मग 'सिद्ध झाले' हे शब्द वापरू नयेत.

याच आकड्यांत टक्केवारीची गंमतही पाहून घ्या. '30 टक्के घट' आणि 'लाख स्त्रियांमागे वर्षाला 10 मृत्यू कमी' ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. जाहिरातीत नेहमी पहिले येते. तुम्ही दुसरे मागा.

त्याच टाटा मेमोरियलने बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयासह आणि एका आंतरराष्ट्रीय संस्थेसह तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले: तपासलेल्या 34 हजारांत 34, न तपासलेल्या 31 हजारांत 64. तिथेच ॲसिटिक ॲसिड लावून एकदा केलेल्या तपासणीचा मात्र ठोस फायदा दिसला नाही. मुंबईत हीच तपासणी दर दोन वर्षांनी चार वेळा केली तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. 'ही तपासणी उपयोगी आहे का' हा प्रश्न 'किती वेळा आणि कोणी केली' याशिवाय अपुरा असतो. या अभ्यासांवर एक गंभीर नैतिक आक्षेपही घेतला गेला. ज्या स्त्रियांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवले, त्यांच्यातल्या मृत्यूंची जबाबदारी कोणाची? त्या काळी देशात सरकारी तपासणी कुठेच नव्हती, हे संशोधकांचे उत्तर. मला ते पूर्ण पटत नाही, आणि अभ्यास झालाच नसता तर आज काय सुचवायचे हेही कळले नसते, हेही नाकारता येत नाही. पुस्तकात या वादाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तिथेही मी तो सोडवू शकलेलो नाही.

अभ्यास सुरू होण्याआधी संशोधक काय शोधणार होते हे वाचकाला कसे कळावे? त्यासाठी नोंदणी असते. भारतात सीटीआरआय ही नोंदवही 20 जुलै 2007 रोजी सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून नियामक औषध चाचण्यांना तिथे आधी नोंद करणे बंधनकारक झाले. मुख्य निकाल म्हणून काय मोजणार, किती रुग्ण घेणार, पैसा कोणाचा, हे तिथे लिहावे लागते. छापलेल्या निबंधातला मुख्य निकाल नोंदीशी ताडून पाहिला की बरेच काही उमजते. नोंदीत 'मृत्यू' आणि निबंधात 'थकवा' असेल तर मधे काहीतरी घडले आहे. पैसा औषध कंपनीचा आहे म्हणून निकाल खोटा, असे मात्र धरू नये. अशा वेळी नोंदीकडे दुप्पट लक्ष द्यावे एवढेच.

सरळ बनवाबनवीपुढे यातले काही चालत नाही. मे 2020 मध्ये लॅन्सेटने 671 रुग्णालयांतल्या 96,032 कोविड रुग्णांचा म्हणून एक निबंध छापला आणि दोन आठवड्यांत, 4 जूनला, तो मागे घेतला. मूळ माहिती कोणालाच पाहता आली नाही. शंका कशावरून आली? ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचा त्यातला आकडा त्या देशाच्या अधिकृत आकड्यापेक्षा जास्त होता. हे पकडायला बेरीज-वजाबाकी पुरली.

पुस्तकाचा क्रम तुम्हाला हवा तसा मोडा. पत्रकारांनी टक्केवारीचे प्रकरण आधी वाचावे, कार्यकर्त्यांनी गडचिरोलीचे. गणिताची धास्ती असलेल्यांनी परिशिष्ट खुशाल सोडून द्यावे, त्यावाचून अडत नाही. सीटीआरआयचे संकेतस्थळ सर्वांना फुकट खुले आहे, तिथे एखादी संध्याकाळ घालवा. आणि एक विनंती. यातले काही वाचून चालू असलेले औषध मनाने बंद करू नका. प्रश्न लिहून डॉक्टरांकडे जा, तुलना कोणाशी केली होती ते विचारा, आणि त्यांना उत्तर द्यायला वेळ द्या.